दादाची तार आणि माझा डबा

ता. ३ जून

तीर्थरूप दादास,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व ठीक. म्हणजे गुडघा ठीक नाही, मोरीतला नळ गळतो, सूनबाईंच्या ऑफिसात माणसं कमी करणार असं ऐकतो. पण पत्रात सर्व ठीक लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तुझ्या जिन्याचा कठडा घरमालकाने बसवला का? डोळ्यांना नीट दिसत नसताना तिसऱ्या मजल्यावर एकट्याने राहणं, हे शहाणपण कोणत्या इयत्तेत शिकवतात? मी चौथीत शाळा सोडली, तेव्हा तो धडा माझा राहून गेला असेल. रोज सकाळी उठलो की मला तू त्या जिन्यावरून गडगडताना दिसतोस. चहा गोड लागत नाही.

काल न्हाव्याच्या दुकानात वाद पेटला की महायुद्ध नक्की कशाने जिंकलं. न्हावी म्हणाला, विमानांनी. शिंपी म्हणाला, एका बॉम्बने, बाकी सगळी हमाली. पेन्शनवाले कारकून म्हणाले, रडारने. पण रडार म्हणजे काय हे विचारल्यावर त्यांना खोकला आला. मी म्हटलं, डब्याने. सगळे खो खो हसले. माझी अर्धीच दाढी झाली होती, त्यामुळे रागावून उठूनही येता येईना.

तू सैन्यात टेलिफोनच्या तारा ओढल्यास, मी इथे कारखान्यात खाण्याच्या डब्यांना झाकणं बसवली. तू आयुष्यभर म्हणत आलास की लढाई तारेने जिंकली. तर आता एकदाचा निकाल लागू दे. पैज लाव. मी जिंकलो तर तू जिना सोडून कायमचा माझ्याकडे यायचं. मागची खोली रिकामी आहे, तळमजल्यावर आहे, ऊनही येतं. तू जिंकलास तर मी पुन्हा जिन्याचं नाव काढणार नाही. निकाल तुझ्या समोरच्या बाईंनी द्यावा. तुझी पत्रं त्याच वाचतात, उत्तरंही त्याच लिहितात, शिवाय जन्मभर पेपर तपासलेत. त्यांच्याइतका तटस्थ माणूस कुठे मिळायचा?

लोभ आहे तसा राहू दे, आणि जिना उतरताना भिंतीचा हात सोडू नकोस.
तुझा,
धाकटा


ता. १४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी गॅलरीतली तार ओढली, समोर घंटा वाजली, वहिनी चष्मा शोधून आल्या आणि वाचून दाखवलं. ही तार मीच दोन्ही गॅलऱ्यांमध्ये ओढली आहे हे तुला माहीत आहेच. दोन्ही टोकांना घंटा. एकदा ओढली की चहा, दोनदा ओढली की पत्र. गल्लीतली पोरं हसतात, पण लाइन कधी बंद पडलेली नाही.

तू त्यांना बाई म्हणतोस, सगळी गल्लीच म्हणते. लढाईत लांब्या गेल्यावर त्यांनी शाळेत नोकरी धरली आणि त्या सगळ्यांच्या बाई झाल्या. मला मात्र त्या लांब्याची बायको, म्हणून वहिनीच.

पैज मंजूर. डबा म्हणे! अरे, उपाशी माणूस एक दिवस लढेल, पण कुठे लढायचं हेच कळलं नाही तर भरल्या पोटी मरेल. तोफ म्हणजे मुका हत्ती. कुठे मारायचं हे तिला तारेवरून सांगावं लागतं. आता तू उत्तर दे. सूनबाईंची नोकरी जाणार नाही, तू आधीच रडायला बसू नकोस. तुला लहानपणापासून पाऊस पडायच्या आधी भिजायची सवय आहे.

तुझा,
दादा

ता. क. हे माझ्याकडून. धाकटे भावजी, मुद्दा बरा आहे, पण पत्रात शुद्धलेखनाच्या चुका फार. दहापैकी चार. लिहिणारी, बाई.


ता. २ जुलै

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

चार गुण मिळाले हे सूनबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की चौथी नापासाला हे पुष्कळ झाले. या घरात मला एवढाच मान आहे.

आता ऐक. तुझी तोफ, तुझी तार, रणगाडा, विमान, सगळं पोटावर चालतं. रणगाड्याचं पोट तेलाने भरतं, शिपायाचं डब्याने. झाकण नीट बसलं नाही तर आतलं नासतं, आणि नासकं खाल्लेली पलटण गोळीशिवाय आडवी होते. मी बसवलेलं एकही झाकण फुगून परत आलं नाही. आमचा मुकादम डबा कानाशी धरून टिचकी मारायचा आणि आवाजावरून खोट सांगायचा. ती टिचकी मला अजून येते. घरातल्या सगळ्या डब्यांना मारतो, म्हणून सूनबाई वैतागतात.

बाईंना सांग, या खेपेला प्रत्येक ओळ दोनदा तपासली आहे. आणि कठड्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. याचा अर्थ बसवलेला नाही.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
धाकटा


ता. १६ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

कठडा बसवलेला नाही. मागच्या आठवड्यात एक पायरी चुकली, पण वहिनींनी वेळेवर दंड धरला. लिहू नका म्हटलं तर त्यांनी मुद्दाम लिहिलं.

तुला पुलाची गोष्ट माहीत आहे, तरी पैजेत पुरावा म्हणून मांडतो. पुलाकडे जाणारी लाइन पहाटे तुटली. तोफा मागे, शत्रू पुढे, मध्ये मुकी तार. लांब्या आणि मी निघालो. तुटकं टोक हाताने चाचपत जायचं, कारण उभं राहिलं की दिसतो, आणि लांब्या तर बसला तरी दिसायचा. टोक सापडलं. त्याने जोडलं, दातांनी तार सोलून. मी मागे राहून फोन लावून पाहिला, आवाज आला, आणि मी ओरडलो की लाइन चालू आहे. त्याने हात वर केला. तेवढाच. पुढचं तुला माहीत आहे. त्या तारेवरून निरोप गेला, तोफा बोलल्या, पूल वाचला. पूल राहिला म्हणून फौज पलीकडे गेली. मग सांग, युद्ध कशाने जिंकलं?

वहिनी हे दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं ऐकतात. आज लिहितानाही थांबल्या नाहीत. मीच थांबलो.

तुझा,
दादा

ता. क. भावजींना नऊ. एक गुण कापला, कारण वाद मांडायचा होता आणि त्यांनी गोष्ट सांगितली. तुम्हांला मागच्या पत्राचे सात. बाई.


ता. ५ ऑगस्ट

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझी पायरी चुकल्याचं वाचल्यापासून मला झोप नाही. आता ही पैज मला जिंकलीच पाहिजे. म्हणून सूनबाईंकडून त्यांच्या ऑफिसच्या वाचनालयातला युद्धाचा जाडजूड ग्रंथ मागवला. उशीएवढा आहे. रोज दुपारी बोट ठेवून वाचतो, अडलं की त्यांना विचारतो.

दादा, त्यात स्वच्छ लिहिलं आहे. कुठल्याही एका हत्याराने काही झालं नाही. ज्या बाजूकडे तेल होतं, कारखाने होते, बुडतील त्याहून जास्त जहाजं बांधायची ताकद होती, ती बाजू जिंकणारच होती. फक्त कधी, एवढाच प्रश्न होता. म्हणजे माझंच म्हणणं. कारखाना, डबा, तेल.

आणि तुझा पूलही सापडला! जेमतेम तीन ओळी आहेत. शत्रूचं तेल संपलं होतं आणि मागे फिरायचा हुकूम त्याला आदल्या संध्याकाळीच मिळाला होता. तो जाणारच होता. तेव्हा तुम्ही ती तार जोडली नसती, तरी पूल आपलाच होता. आता बोल!

बाईंनी न्याय करावा. सूनबाईंनी शुद्धलेखन तपासलं आहे. खोलीला कुठला रंग देऊ? तुला पिवळा थोडा दिसतो म्हणाला होतास.

जिंकलो तरी तुझाच धाकटा.


ता. १३ ऑगस्ट

धाकटे भावजींस,
स. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. मुद्दा बरोबर, पुरावा बरोबर, चूक एकही नाही. दहापैकी दहा. पैज तुम्ही जिंकलात. भावजी पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येतील. त्यांना पिवळा रंग चालेल.

बाई


ता. २० ऑगस्ट

श्रीमती वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

जन्मात पहिल्यांदा दहापैकी दहा मिळाले, म्हणून तुमचं पत्र न्हाव्याच्या दुकानात नेऊन दाखवलं. शिंप्याने चहा पाजला. घरी येऊन रंगाचा डबा उघडला. सूनबाई भांडी पुसत होत्या. त्यांनी सहज विचारलं की तिकडे मोठ्या मामंजींना पत्रं वाचून कोण दाखवतं. मी म्हटलं, बाई. त्यांनी विचारलं, बाई कोण. आणि सांगायला तोंड उघडलं तर शब्द आले, लांब्याची बायको.

वहिनी, मला माहीत नव्हतं असं नाही. दादाने लिहिलंही होतं. पण सगळे बाई म्हणतात म्हणून मीही बाई म्हणत गेलो, आणि म्हणता म्हणता तुमच्यात मला फक्त मास्तरीण दिसू लागली. लांब्याच्या हातची ती तार नसती तरी चाललं असतं, हे मी तुमच्याच तोंडून वदवून घेतलं. वर उद्गारचिन्हं घातली.

मला पूल नको होता. मला फक्त दादा जिन्यावरून खाली आणायचा होता. तुम्ही निकाल फिरवा. मला शून्य द्या, मी कुठेही सही करतो. ग्रंथ परत पाठवला आहे. ग्रंथवाल्याला काय, तो कुठे होता तिथे?

माझ्यावर लोभ ठेवा असं लिहायची सोय राहिली नाही. दादावर ठेवा.
धाकटा


ता. २९ ऑगस्ट

धाकटे भावजींस,
स. न. वि. वि.

तपासलेल्या पेपरावरचे गुण मी बदलत नाही. तुमचं उत्तर बरोबर होतं.

तो ग्रंथ आमच्या शाळेच्या कपाटातही होता. त्या तीन ओळी मी तरुणपणीच वाचल्या. रडायचं तेव्हाच रडून घेतलं. पुढे भावजी समोर राहायला आले आणि मला पुलाची गोष्ट सांगू लागले. त्यांना वाटायचं, ते माझ्यासाठी सांगतात. सांगितल्यावर त्यांचा चेहरा निवळायचा, चहा घ्यायचे, घरी जायचे. दोघं गेले आणि जो एकटा परत आला, त्या माणसाला ती तार कामाची असणं माझ्यापेक्षा जास्त गरजेचं होतं. म्हणून मी ऐकत आले. मला काही माहीत आहे, हे त्यांना कधी कळू दिलं नाही.

तुमची ती ओळ मी गाळू शकले असते. अडखळलेही. त्यांनी विचारलं, पुढे काय. शाळेत मी एकाही मुलाला ओळ गाळू दिली नाही. त्याच सवयीने वाचून टाकली. ती चूक तुमची नाही, माझी आहे, आणि तिला गुण कोण देणार?

आता त्यांना माझ्यासमोर बसवत नाही. चहाची घंटा वाजवली तर येतात, कप उचलतात आणि खुर्ची भिंतीकडे वळवतात. त्यांनी सामान स्वतः बांधलं आहे. माझा जीव जिन्यात अडकलेला असायचा, तेव्हा येऊ द्या. सूप फार गरम देऊ नका, त्यांना वाफ दिसत नाही.

तुमची,
वहिनी


ता. ३० सप्टेंबर

श्रीमती वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादा पोचला. खोली आवडली म्हणाला. जेवण आवडलं म्हणाला. रंग आवडला म्हणाला. मी जे विचारीन त्याला हो म्हणतो, हीच पंचाईत आहे.

न्हाव्याकडे घेऊन गेलो. वाटलं, तिथे तरी पेटेल. शिंपी म्हणाला बॉम्ब, तर दादा हो म्हणाला. कारकून म्हणाले रडार, त्यालाही हो. काल मी मुद्दाम म्हटलं की युद्ध पलटणीच्या बँडवाल्यांनी जिंकलं. तर मान हलवून म्हणाला, असेल बाबा. आयुष्यभर ज्याच्याशी भांडलो तो भाऊ मी जिन्यावरून सुखरूप उतरवला आणि वाटेत कुठेतरी हरवून बसलो. सूनबाई म्हणतात, सवय होईल. कुणाला, ते त्या सांगत नाहीत.

त्याला परत आणून सोडू का? तुम्ही सांगाल ते करीन. एखादं पत्र त्याच्या नावाने लिहा. मी वाचून दाखवीन. अडखळत वाचतो, पण वाचतो.

धाकटा


ता. १२ ऑक्टोबर

भावजींस,
स. न. वि. वि.

हे पत्र धाकटे भावजी वाचतील. त्यांनी ओळी गाळू नयेत. आता गाळण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुमच्या खोलीत नवा भाडेकरू आला. नवराबायको आहेत, माणसं चांगली आहेत. कठडाही बसला, ते येणार म्हणून. तेव्हा परत यायचं मनात असलं तरी जागा राहिली नाही. त्यांनी मला विचारलं की गॅलरीतली तार कापू का. मी नको म्हटलं. वारा सुटला की घंटा वाजते. एकदा वाजली की चहाचं आधण ठेवते, दोनदा वाजली की चष्मा शोधते. चष्मा सापडेपर्यंत लक्षात येत नाही.

पुलाचं मला तुमच्या आधीपासून माहीत होतं. रागावू नका. आमचे हे नसते तर काय झालं असतं, हे ग्रंथकाराला माहीत. त्यांनी ती तार दातांनी सोलून जोडली आणि तुमचा आवाज ऐकून हात वर केला, हे फक्त तुम्हांला माहीत आहे, आणि तुम्ही सांगितलं म्हणून मला. जोडताना त्यांना तो ग्रंथ वाचायला मिळाला नव्हता.

माझ्या बाजूची गाठ सैल झाली आहे. ती कशी आवळायची, ते कळवा.

वहिनी


ता. २० ऑक्टोबर

श्रीमती वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. एकही ओळ गाळली नाही. चष्म्याच्या ओळीपाशी दादाने मला थांबवलं आणि ती पुन्हा वाचायला लावली. मग पुन्हा. मी दर वेळी तिथेच अडखळलो.

मग त्याने विचारलं की तुमची गाठ कुठल्या बाजूने सैल आहे, भिंतीकडून की कठड्याकडून. मला काय माहीत? तर उठला, भिंत धरत अंगणात गेला आणि आमच्या कपडे वाळत घालायच्या तारेची गाठ चाचपून म्हणाला की ही गाठ डबेवाल्याने मारलेली दिसते. वहिनी, इथे आल्यापासून हा त्याचा पहिला टोमणा. त्याचं बोलणं थांबेल म्हणून श्वासही जपून घेतला. त्याने ती सोडली आणि बोटांनी पुन्हा मारली. सूनबाईंना बोलावून ती दाखवली, त्यांनी चित्र काढलं आहे, सोबत पाठवतो. टोक आतून घ्यायचं, दोन वेढे, मग ओढायचं.

गाठ झाल्यावर त्याने तार एकदा ओढली आणि कान देऊन उभा राहिला. उभाच राहिला. दुसऱ्या टोकाला आमच्याकडे नुसती भिंत आहे. मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरातून रिकामा डबा आणला आणि त्या टोकाशी जाऊन टिचकी मारली.

तो म्हणाला, ही ती घंटा नव्हे. मी म्हटलं, नव्हे. मग आम्ही दोघं आत आलो.

या पत्रातल्या चुका लाल शाईने काढून ते परत पाठवा. दादाला वाचून दाखवीन. आणि वारा सुटला तर चष्मा जरूर शोधा, न जाणो.

तुम्हां दोघांचा अपराधी,
धाकटा